वखारीतली बाटली

सूर्य मावळायला थोडा अवकाश असतानाच त्या घरातील चूल शांत होते. वृद्ध आई हात जोडून चौविहाराचे पच्चक्खाण घेते. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत त्याग. पाण्याचा थेंबही मग तिच्या ओठांना लागत नाही. त्याच सुमारास बाजारपेठेत हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या वखारीचे दार तिचा अडतीस वर्षांचा थोरला मुलगा आतून लावून घेतो. जुन्या चोपड्यांच्या मागे एक बाटली असते. रात्री दहाच्या पुढे तो घरी येतो तेव्हा तोंडात बडीशेप असते आणि नजर जमिनीकडे असते. पत्नी दार उघडून मुकाट्याने बाजूला होते. वडील झोपल्याचे सोंग घेतात. सर्वांना सर्व काही ठाऊक असते आणि कोणीही काही बोलत नाही.

हे चित्र कोणा एका कुटुंबाचे नाही. अनेक घरांच्या हकिकती एकत्र केल्या, तर जे घर उभे राहील ते हे. दुकान चालते आहे, मुले चांगल्या शाळेत शिकत आहेत, चातुर्मासात घरातून तपश्चर्या होते. मग या माणसाला दुःख कसले, असा प्रश्न बाहेरच्याला पडावा. तो प्रश्न त्याला स्वतःलाही पडलेला असतो आणि उत्तर न सापडल्यामुळे तो अधिकच लाजतो.

एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली एका निबंधात आयुष्याच्या मध्यावर येणाऱ्या या अस्वस्थतेला प्रथम नाव दिले. पस्तिशीच्या आसपास मनुष्याला प्रथमच जाणवते की आपले आयुष्य अमर्याद नाही. जे करायचे राहिले ते कदाचित राहूनच जाईल. हा काही रोग नव्हे आणि प्रत्येकाला ही अवस्था येतेच असेही नाही. परंतु व्यापारी घरातील मुलाला ती लवकर गाठते, याला कारण आहे. तो विसाव्या वर्षी गादीवर बसतो. अडतिसाव्या वर्षी त्याच्या पाठीशी अठरा वर्षांचे दुकान असते. मात्र तिजोरीची किल्ली अजून वडिलांच्या कमरेला असते आणि धनादेशावर सही काकांची लागते. उधारी बुडाली तर दोष त्याचा, नफा झाला तर पुण्याई घराण्याची. बरोबरीचे मित्र शहरात किंवा परदेशात स्थिरावलेले असतात. धाकट्या भावाने वाटणीचा विषय काढलेला असतो. या सर्वांत ‘माझे स्वतःचे असे काय?’ हा प्रश्न डोके वर काढतो. आणि एकत्र कुटुंबात हा प्रश्न उच्चारणेच कृतघ्नपणाचे मानले जाते.

न उच्चारलेला प्रश्न रात्री झोपू देत नाही. तेथे मद्याचा प्रवेश होतो. पहिला पेला बहुधा घरात नसतो. तो व्यापाऱ्यांच्या सहलीत, एखाद्या मोठ्या सौद्यानंतरच्या मेजवानीत किंवा लग्नघरच्या मागील हिरवळीवर पुढे येतो. ‘एवढ्याने काय होते?’ हे वाक्य त्याच्याबरोबर फुकट मिळते. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. पण उत्तररात्री तीच झोप मोडते. पहाटे छातीत धडधड सुरू होते आणि दिवसभर मन खचलेले राहते. संध्याकाळी ते खचलेपण शांत करण्यासाठी पुन्हा पेला लागतो. शरीर हळूहळू सरावते आणि पूर्वी जे एका पेल्याने होई, त्याला तीन लागू लागतात. म्हणजे ज्या दुःखावर औषध म्हणून हे घेतले, तेच दुःख ते रोज नव्याने निर्माण करते.

सवय कोठे संपली आणि व्यसन कोठे सुरू झाले हे ओळखण्यासाठी वैद्यकात चार साधे प्रश्न वापरले जातात. पिणे कमी केले पाहिजे असे कधी वाटले का? त्याविषयी कोणी बोलल्यास राग आला का? पिण्याबद्दल अपराधी वाटले का? सकाळी उठताच हात स्थिर करण्यासाठी घ्यावी लागली का? यांपैकी दोन उत्तरे ‘होय’ असतील, तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली आहे असे समजावे. थोडी घेतली तर प्रकृतीला बरी, हा समजही आता टिकत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येणार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

जैन आचारशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी सांगितली. सप्तव्यसनांत मद्य आहे आणि श्रावकाच्या मूलगुणांत त्याचा त्याग आहे. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात मद्याला असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान म्हटले, आणि त्याबरोबर दुसरे कारणही दिले: मद्य मनाला मोहित करते, मोहित मन धर्म विसरते आणि धर्म विसरलेला मनुष्य निःशंकपणे हिंसा करतो. ही हिंसा तलवारीचीच असते असे नाही. निजलेल्या लेकराला ऐकू जाणारे कठोर शब्द आणि पत्नीचे न विचारता गहाण पडलेले दागिने हीसुद्धा हिंसाच होय.

नियम उत्तम आहे. पण त्याच्या छायेत एक अडचण वाढते, तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. ज्या घरात मद्य हे पाप आहे, त्या घरात पिणारा मनुष्य लपून पितो. लपून पिणारा एकटा पितो, घाईने पितो आणि त्याला थांबवणारे कोणी जवळ नसते. कुटुंबही लपवते. मुलीचे स्थळ जुळायचे असते. पेढीची पत सांभाळायची असते. विश्वासावर लाखोंचा माल उचलला जाणाऱ्या बाजारात ‘त्याचे हल्ली ठीक नाही’ एवढे एक वाक्य पुरे असते. म्हणून पत्नी दुकानात फोन करून सांगते, ‘ह्यांना ताप आहे.’ दिवाणजी चुकलेला हिशेब रात्री बसून जुळवतात. प्रत्येक जण प्रेमापोटी एकेक खोटे बोलतो, आणि त्या सर्व खोट्यांच्या भिंती मिळून ती वखार तयार होते.

त्या घरात शेवटी पर्युषणात गोष्ट उघड झाली. संवत्सरीला मन भरून आले, आणि मुलाने महाराजसाहेबांसमोर आजीवन मद्यत्यागाचा नियम घेतला. पाठोपाठ प्रायश्चित्त म्हणून तेला, म्हणजे तीन दिवसांचा उपवासही सुरू केला. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. उपवासाचा अशक्तपणा असेल असे सर्वांना वाटले. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या आणि रिकाम्या खोलीत तो हळदीचे भाव मोठ्याने पुकारू लागला. कोणी बाहेरची बाधा म्हटले, कोणी अंगारा आणा म्हटले. सुदैवाने शेजारच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखले आणि त्याला रुग्णालयात हलवले.

येथे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास साधारण सहा ते चोवीस तासांत कंप, घाम व अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात; दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो, आणि उपचार न झाल्यास तो जिवावर बेतू शकतो. अशा माणसाच्या शरीरात थायमिन या जीवनसत्त्वाची आधीच उणीव असते. त्यात उपवास घडला तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून नियम अवश्य घ्यावा, पण डॉक्टरांना सांगून घ्यावा, आणि त्या दिवसांत उपवास करू नये. तसेच अन्नात गुपचूप मिसळून द्यायच्या गोळ्यांच्या नादी लागू नये. मद्याबरोबर शरीरात उलट परिणाम घडवणारी अशी औषधे रुग्णाच्या नकळत दिल्यास प्राणावर संकट येऊ शकते.

औषधोपचाराने शरीर सुमारे आठवड्याभरात सावरते. मन सावरायला अधिक काळ लागतो. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली. तिच्या सभा आज भारतातही ठिकठिकाणी भरतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार होतो. कोणाला विचारावे हे सुचत नसेल तर शासनाची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे.

अशा सभांत मनुष्य उभा राहतो आणि आपला दोष स्वमुखाने सांगतो. जैन माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आलोचना म्हणजे दुसरे काय? प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणे. आणि जो आपण वाट चुकल्याचे कबूल करतो, तोच परत फिरू शकतो. त्या सभांत ‘फक्त आजचा दिवस’ पिणार नाही, असा निश्चय करतात. पच्चक्खाणाची रीतही अशीच कालमर्यादेची आहे. नवकारसी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांची, सामायिकही अठ्ठेचाळीस मिनिटांचे. मद्याची तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. एका सामायिकात ती बसून जाऊ देता येते. आजीवन नियमाचा पर्वत ज्याला पेलत नाही, त्याला ही पायरी पेलते.

रुग्णालयातून आल्यावर त्या घरात एका सकाळी वडील मुलाजवळ येऊन बसले. ‘तुला काय हवे होते, हे मी कधी विचारलेच नाही,’ ते म्हणाले. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बाबूजी, मला तुमची गादी नको होती. एकदा माझा स्वतःचा निर्णय चुकवून पाहायचा होता.’ त्यानंतर हळद दळून विकण्याचा छोटा व्यवसाय त्याच्या एकट्याच्या सहीने सुरू झाला. पत्नीनेही एक गोष्ट ठरवून सांगितली: ‘अहो, यापुढे मी तुमच्यासाठी खोटे बोलणार नाही. पण दवाखान्यात प्रत्येक वेळी तुमच्याबरोबर येईन.’

पाच महिन्यांनी, दिवाळी आटोपून माघ लागल्यावर, एका तेजीच्या सौद्याच्या संध्याकाळी तो पुन्हा प्यायला. पूर्वी अशा वेळी सारे घर मौन धरी. या वेळी त्याने स्वतःच पत्नीला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दोघे डॉक्टरांकडे गेले. व्रतात अतिचार घडतो हे शास्त्राने गृहीत धरले आहे, म्हणून तर प्रायश्चित्ताची योजना आहे. एकदा पाय घसरल्याने आधीचे पाच महिने पुसले जात नाहीत; लपवले तर मात्र पुसले जातात.

आता वखारीचे दार सायंकाळी बाहेरून बंद होते. तो दिवस मावळण्यापूर्वी घरी पोहोचतो आणि आईच्या शेजारी बसून चौविहार घेतो. आयुष्यभराचे कोणी त्याला विचारत नाही. उद्याच्या सूर्योदयापर्यंतचे तेवढे तो आईबरोबर मोठ्याने म्हणतो.