सोबतीने चालू, भाजे लेण्यापर्यंत



वस्तीतल्या शिबिरात बीपी मोजून झाले की मी म्हणते, "ताई, रोज थोडं चालत जा." त्यावर हमखास उत्तर येते, "सिस्टर, चार घरची धुणीभांडी करते. दिवसभर पायावरच असते की! अजून किती चालू?"

प्रश्न रास्त आहे. श्रम करणाऱ्या बाईला व्यायामाचे धडे देताना कोणीही आधी तिच्या पायाची सूज पाहावी. पण कामातली हालचाल आणि चाल यांत फरक आहे. ओट्यापाशी तासभर उभे राहिले की रक्त पायात साचते, म्हणून संध्याकाळी घोटे सुजतात. वाकून फरशी पुसली की कंबर भरते. हालचाल होते, पण तुटक. हात मोकळे सोडून सलग चालताना मात्र पोटरीचा स्नायू दर पावलाला आवळतो आणि साचलेले रक्त वर हृदयाकडे ढकलतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी शुगरवाल्यांना फायदा होतो. शिवाय कामावर डोक्यात मालकिणीचे घड्याळ असते. चालताना ते नसते, हा फायदा मी औषधाइतकाच मोठा मानते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागावा.

आता सोबतीचे. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली गटाने चालण्यावरचे ४२ अभ्यास एकत्र तपासले. बीपी सरासरी ३ ते ४ अंकांनी उतरले, उदासी कमी झाली आणि मध्येच सोडून देणारे थोडेच निघाले. शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकटी बाई चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी उशिरा आले की बंद पडते. खाली गल्लीत तिघीजणी हाका मारत उभ्या असल्या की ती निघते. नवरा गेलेल्या, मुले वेगळी राहणाऱ्या आयाबाया "झोप येत नाही" म्हणून गोळी मागायला येतात. त्यांतल्या कितीजणींशी दिवसभरात कोणी धड बोललेलेच नसते. समोरासमोर बसून जे सांगता येत नाही, ते शेजारी चालताना तोंडातून निघते, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. भगवान बुद्ध आयुष्यभर संघासह पायी चारिका करत राहिले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत: प्रवास सोसतो, श्रम सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना मिळवलेली एकाग्रता जास्त काळ टिकते. पहिल्या चारांना कोणताही डॉक्टर आज मान डोलावेल.

"टेकडीवर फिरणे सोसायटीवाल्यांचे काम" असेही ऐकते. जनता वसाहत पर्वतीच्या पायथ्याला आहे, तरी तिथल्या किती बाया सकाळी टेकडीवर जातात? याच पर्वतीवर मंदिरप्रवेशासाठी १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज त्यात पुढे होते आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. आज तिथे मोकळ्या हवेत चालायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त अंधारात आणि एकटीने नको. पाच-सहाजणी असल्या की भीतीही वाटत नाही आणि घरचेही अडवत नाहीत.

रोजचे चालणे वस्तीजवळ. महिन्यातून एका सुट्टीला मात्र शहराबाहेर पडावे. पहिली वारी सपाट रस्त्याची असावी: देहूरोडचे बुद्धविहार, जिथे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेवढे सोसले की दोन-तीन महिन्यांनी भाजे.

भाज्याला जायला लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे. तिथून भाजे गावातून शेतांच्या कडेने चालत जायचे. आपल्या चालीने अर्धा-पाऊण तास धरा. मग पायऱ्यांची चढण. लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली आहेत. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, त्याही त्या जुन्या काळच्या. थोडे पुढे गेले की १४ स्तूपांचा समूह लागतो, काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. ही लेणी काही एकट्या राजांनी कोरली नाहीत. मळवलीच्याच दुसऱ्या बाजूला असलेल्या कार्ल्याच्या लेखांत सुताराचे नाव आहे, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे आहे. मुलांना हे तिथेच सांगा, पुस्तकापेक्षा लवकर कळते. एका दिवसात कार्ले आणि भाजे दोन्ही करायचा हट्ट नको. गुडघे दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात.

गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. काठी घ्या, पायरी थोडी तिरपी उतरा, घाई नको. सगळ्यांत हळू चालणारी बाई पुढे ठेवायची आणि तिच्या चालीने सगळ्यांनी चालायचे. मागे ठेवली तर ती दम खात पोहोचते तेव्हा बाकीच्या उठून निघालेल्या असतात, मग तिला विश्रांतीच मिळत नाही.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधार ही साखर उतरल्याची खूण. लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा, म्हणून तो एकीच्या नव्हे, दोघींच्या पिशवीत असावा. शुगरवाल्यांनी चपलेऐवजी मोज्यांसह बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय नीट पाहावा. पाय बधिर असला तर फोड आलेला कळत नाही आणि पुढे तोच चिघळतो. बीपीची गोळी त्या दिवशी चुकवू नये. छातीत आवळल्यासारखे झाले, डावा हात किंवा जबडा दुखला तर तिथेच बसायचे, १०८ ला फोन करायचा. "आता जवळच आलो" म्हणून चालत राहायचे नाही. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे.

एक गोष्ट कोणी छापत नाही. वाटेत संडासाची सोय नसेल म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, लघवीला जळजळ होते. पाणी थोडे थोडे प्यायचेच. स्टेशनवर उतरल्यावर सगळ्यांनी उरकून घ्यायचे आणि पुढची सोय कुठे आहे ते गावातल्या बाईला विचारून ठेवायचे. पाळी असेल तर जादा पॅड आणि वापरलेले गुंडाळायला कागद सोबत ठेवा, तेवढ्यासाठी घरी थांबायला नको.

लेण्यात वंदना जरूर घ्या, पण मेणबत्ती-अगरबत्ती नको. धुराने जुना दगड-लाकूड खराब होते. कपारीत आग्या मोहोळ असते, धुराने ते उठले तर पळायला जागा नसते. पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी धबधब्यापाशी फार गर्दी असते आणि दगड निसरडे होतात, म्हणून पहिल्यांदा जाताना हिवाळा निवडा. भाकरी-ठेचा घरचाच घ्या. दुपारी लोकल कमी असतात, तेव्हा मळवलीला उतरल्याबरोबर परतीच्या गाडीची वेळ विचारा आणि त्या हिशेबाने अर्धा तास आधी लेणी उतरायला लागा.