खडकाच्या पोटात विजेचा साठा

ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल हे खाणींचे शहर. त्याच्या परिसरात सौर व पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे आहेत. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये वादळाने मुख्य वीजवाहिनीचे मनोरे कोसळले आणि शहर अंधारात बुडाले. ऊर्जा दाराशी होती. ती साठवून हवी तेव्हा देणारी पुरेशी व्यवस्था नव्हती.

ही उणीव भरून काढण्यासाठी हायड्रोस्टोर या कॅनेडियन कंपनीचा २०० मेगावॉटचा प्रकल्प येथे प्रस्तावित आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला राज्य सरकारची मंजुरी मिळाली. पूर्ण क्षमतेने तो सलग आठ तास वीज देऊ शकेल.

दाबलेल्या हवेची कल्पना नवी नाही. जर्मनीतील हुंटोर्फ येथे १९७८ पासून मिठाच्या थरांतील पोकळ्यांत हवा साठवली जाते. मात्र दाबताना निर्माण झालेली उष्णता तेथे वाया जाते. वीज निर्माण करताना हवा तापवण्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो.

नव्या पद्धतीत ही उष्णता पाण्यात साठवली जाते. हवा सुमारे ६०० मीटर खोल, कठीण खडकात कोरलेल्या गुहेत जाते आणि तेथील पाणी वर जलाशयात ढकलते. विजेची गरज भासताच पाणी खाली उतरते, हवा वर येते, साठवलेल्या उष्णतेने तापते आणि टर्बाइन फिरवते. पाण्याच्या भारामुळे दाब जवळजवळ स्थिर राहतो.

या फेऱ्यात एकतृतीयांशाहून अधिक वीज खर्ची पडते. तरीही टोकावरच्या शहराला अंधाराच्या रात्री उरलेली वीजच मोलाची ठरेल.