दडा बसलेला कान आणि स्टेरॉइडचा इलाज

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यात काय किंवा खुद्द जालना शहरात काय, सकाळी उठल्यावर एखाद्याचा एक कान एकाएकी ऐकेनासा झाला, तर दडा बसला असा निकाल घरच्या घरी लागून कोमट तेलाची तजवीज होते. पडदा शाबूत असून कान केवळ मळाने बुजला असेल, तर त्याने फारसे बिघडतही नाही. परंतु विकार अंतर्कर्णाचा असेल, तर तेल पडद्यापाशीच अडते आणि उपचाराची मुदत मात्र निघून जाते. हा भेद पारखण्यास डॉक्टरांना सेकंदाला 512 कंपनांचा नादकाटा बहुधा पुरतो: तो कपाळाच्या मध्यावर टेकवला असता बुजलेल्या कानात नाद मोठा वाटतो, अंतर्कर्ण दुखावला असेल, तर तो चांगल्या कानाकडे सरकतो.

अंतर्कर्णातील शंखाकृती कर्णावर्ताला रक्त पुरवणारी धमनी अत्यंत बारीक, शिवाय तिला पर्यायी वाट नाही, आणि तेथील सुमारे 15 हजार रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. यावरून नाकाला प्राणवायूची नळी लावली की काम झाले, असा समज होतो. पण निरोगी फुप्फुसांच्या माणसाचे हिमोग्लोबिन मुळातच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते, आणि वाटच अडली असेल तर भरलेल्या रक्ताचा उपयोग काय? वाढीव दाबाच्या कक्षात प्राणवायू देणे हा निराळा उपचार असून तो स्टेरॉइडच्या जोडीने करतात. बहुतेक रुग्णांत खरे कारण सापडतच नाही. रक्तप्रवाह खंडित होणे हा एक तर्क, विषाणुसंसर्ग हा दुसरा.

अशा कानावर मुख्यतः देतात ते स्टेरॉइड काही प्राणवायू पोहोचवीत नाही. ते दाह शमवते व कर्णावर्तातील क्षारांचा समतोल सावरण्यास साहाय्य करते, असे मानतात. तालमीतल्या पोरांनी शरीर फुगवण्यासाठी घेतलेले स्टेरॉइड ते हे नव्हे. प्रौढांस प्रेडनिसोलोन साधारणतः दिवसाला 60 मिलिग्रॅमच्या मर्यादेत एक-दोन आठवडे देतात. मधुमेह्याची साखर त्याने चढते, म्हणून कित्येकदा पडद्यातून मध्यकर्णात सुई देतात. रामबाण मात्र ते नव्हे, कारण उपचाराविनाही निदान एक तृतीयांश रुग्णांची श्रवणशक्ती काहीअंशी परतते, आणि पुराव्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. तरीही गमावण्यासारखे मोठे असता ही जोखीम पत्करणे मला शहाणपणाचे वाटते, मात्र ती पहिल्या दोन आठवड्यांतच.

तेव्हा कान अचानक गेला तर दडा सुटण्याची वाट न पाहता, जालन्यास किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्याच दिवशी जाऊन श्रवणमापन करून घ्यावे.