धानाची मुळे आणि बांधीतले पाणी

आमच्या झाडीपट्टीत रोवणी आटोपली की बांधीबांधीत पाणी उभे असते. धुऱ्यावरची तूर त्या पाण्यात लावली तर थोड्याच दिवसांत सडेल. धानाचे पीक मात्र त्यातच वाढते. असे का, हा प्रश्न बी.ए.च्या कोणत्याही पेपरात येत नाही. परंतु माझी फी ज्या पिकातून भरली जाते, त्याविषयी एवढे तरी ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

पाणी साचले की मातीतील प्राणवायू एकदोन दिवसांतच संपतो. धानाच्या खोडात आणि मुळांत पोकळ जागा असतात. वरची हवा त्यांतून मुळांच्या टोकापर्यंत उतरते. थोडी बाहेरही झिरपते आणि चिखलात विरघळलेले लोह तेथेच गंजते. चूड उपटून मुळे धुतली की दिसणारा तांबूस थर म्हणजे हाच गंज होय. बुडीत मातीत लोहाने अडकवून ठेवलेले स्फुरद मोकळे होते, हा लाभच. जस्त मात्र दुर्मिळ होते. त्यातून होणाऱ्या ‘खैरा’ रोगाचे कारण पंतनगरच्या डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले.

खरी गंमत, किंवा दुःख म्हणा, नत्राची आहे. खोल चिखलात ते अमोनियाच्या रूपात टिकते आणि मुळे ते घेतात. परंतु मातीच्या वरच्या पातळ थराला पाण्यातून हवा मिळते. तेथे त्याचे नायट्रेट बनते, ते खाली उतरते आणि तेथील जीवाणू त्याचा वायू करून सोडून देतात. काही भाग पाण्यावरूनच उडतो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र. उभ्या पाण्यात फेकले तर बहुधा त्यातले निम्मेही पिकाला मिळत नाही. उधारी मात्र पूर्ण पोत्याची फेडावी लागते.

आधी पाणी काढा, मग खत द्या, असे सांगितले जाते. पण मामा तलावाचे पाणी एका बांधीतून दुसरीत जाते. सोडलेले पाणी शेजाऱ्याचे झाले. पुढचा पाऊस कधी, कोण सांगणार? तेव्हा पाणी धरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणे मला पटत नाही. त्यापेक्षा डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतील गोळी बरी वाटते: चार चुडांच्या मध्ये, ७ ते १० सेंटिमीटर खोल, युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी. तिला पाणी काढावे लागत नाही. मात्र दोरी धरून रोवणी हवी आणि प्रत्येक गोळी वाकून हाताने दाबावी लागते. हे काम बहुधा बायांच्याच वाट्याला येणार. आमच्या घरी तलावाखालच्या एका बांधीत ती करून पाहायचे ठरले आहे.