टाचदुखी आणि विजेचा उपचार

सकाळी उठून पहिले पाऊल टाकावे, तर टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. चार पावले चालले की कमी होते. राणीसावरगावात दिवसभर उभ्याने कापूस वेचणाऱ्या बायांना हे दुखणे सांगायला नको. लोक म्हणतात, हाड वाढले. पण हाड वाढूनही पुष्कळांना काहीच दुखत नाही. दुखते ती बहुधा टाचेपासून बोटांकडे गेलेली तळव्याची जाड पट्टी.

दवाखान्यात यावर वीज देतात. कातडीला चकत्या चिकटवून बारीक प्रवाह सोडतात. मुंग्या येतात, कळ दबते. युक्ती जुनीच आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वी रोमचा एक वैद्य दुखऱ्या पायाखाली झटका देणारा जिवंत मासा ठेवायला सांगे!

पण कळ दबली म्हणजे पट्टी बरी झाली असे नव्हे. माझे म्हणणे, पैसे खर्चण्याआधी ताण देऊन पाहा. अंथरुणातच पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढा, दहा आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा. अनवाणी फिरू नका, मऊ तळाची चप्पल घाला. गुण यायला काही महिने लागतात.

हृदयात यंत्र बसवलेले असेल, बाई गरोदर असेल, किंवा साखरेच्या आजाराने पाय बधिर झाले असतील, तर वीज घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. घरची तार मात्र कधीच पायाला लावू नका. जीव जाईल.