वाचलेले आठवत का नाही?

विद्यार्थी मित्रांनो, दोनशे रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूस कोणते चित्र आहे? नोट न काढता सांगा पाहू. २०१७ पासून ही नोट आपल्या हातात आहे आणि चित्र आपल्याच मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपाचे आहे. तरीही पुष्कळांना उत्तर देता येत नाही. वारंवार पाहणे वेगळे आणि लक्षात राहणे वेगळे, हेच यातून दिसते.

अभ्यासाचेही तसेच आहे. धडा तिसऱ्यांदा वाचताना तो सोपा वाटतो, ओळी ओळखीच्या वाटतात. ही ओळख म्हणजेच ज्ञान, असा मेंदूचा समज होतो. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसते. तिथे ओळखायचे नसते, आठवायचे असते.

विस्मरणाचा पहिला पद्धतशीर अभ्यास जर्मनीच्या हरमन एबिंगहाउस यांनी केला व १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. त्यांना आढळले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो व पुढे मंदावतो. तासाभरानंतर तीच यादी पुन्हा पाठ करायला मूळ श्रमांच्या निम्म्याहून अधिक श्रम लागत.

यावर उपाय काय? २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या संशोधकांनी कॉलेजच्या १२० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी काही उतारे वाचले. मग एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवला : ८१ टक्के, तर लिहून काढलेला ७५ टक्के. पण आठवड्याने चित्र पालटले. पुन्हा वाचलेला ४२ टक्केच उरला, आठवून लिहिलेला ५६ टक्के! त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात, नुसते वाचत राहिलेल्यांना आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री होती. प्रत्यक्षात झाले उलटेच.

कारण असे की, आठवण्याची धडपड हाच स्मरणशक्तीचा व्यायाम आहे. आजी पाढे म्हणून घेत असे, त्यामागे हेच शास्त्र होते.

काही पालक विचारतात, "दर आठवड्याला चाचणी कशाला? मुलांवर ताण येतो." माननीय विश्वस्तांपुढेही हा प्रश्न आला आहे. माझे नम्र निवेदन असे की, या छोट्या चाचण्या गुण मोजण्यासाठी नाहीत, त्या शिकण्याचाच भाग आहेत. म्हणून त्यांतील गुणांवरून मुलांना रागावू नये. आणि "इतका वेळ वाचलेस, मग आठवत कसे नाही?" असे म्हणण्यापूर्वी त्याने अभ्यास कसा केला, ते विचारावे. मूल आळशी नसेल, पद्धत चुकली असेल.

मुलांनो, घोकंपट्टी, म्हणजे हिंदीत ज्याला आपण रट्टा म्हणतो, ती सोडा. धडा समजून वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेले व चुकलेले दुरुस्त करा. दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा तेच करा. अवघड वाटेल, पण त्या अवघडपणातच खरा अभ्यास आहे.