चकाकी हवी, चिकटपणा नको!

गाडी धुतली, पुसली, वॅक्सही केली, तरी ती 'नवी' वाटत नाही? मग नजर जरा खाली न्या, टायरकडे. टायर काळेभोर करणं हे गाडी सजवण्यातलं शेवटचं काम आणि सगळ्यात जास्त बिघडणारंही. ते स्वच्छ कसं करायचं आणि कुठे अजिबात करायचं नाही, त्याचा हा सोप्पा फण्डा.

शनिवारी सकाळी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. आठवडाभर क्युबिकलमध्ये कोंडलेली मंडळी बर्म्युडा आणि जुन्या टी-शर्टवर खाली उतरलेली असतात. कानात गाणी, हातात मायक्रोफायबरचं फडकं, शेजारी बादली. इएमआय अजून तीन वर्षं चालणार, त्यामुळे गाडीवर प्रेमही तेवढंच! बॉनेटवर हात फिरवताना यांचे चेहरे बघावेत. पण हीच मंडळी टायरपाशी आली की घाई करतात. बाटली उचलायची, फस्सकन स्प्रे मारायचा, चार चाकं एका मिनिटात खलास. दोन पावलं मागे जाऊन 'सही!' म्हणायचं आणि निघायचं मिसळ खायला.

खरी गंमत पुढे असते. माझ्या एका मैत्रिणीची गाडी पांढरीशुभ्र. लोणावळ्याला जायच्या आधी तिने ती वॉशिंगला देऊन टायर पॉलिशसकट चकाचक करून घेतली. एक्स्प्रेस वेवर चहाला थांबून बघते तर प्रत्येक चाकाच्या मागे, पार दारांपर्यंत, काळे-तपकिरी ठिपके. कुणी शाईचं पेन झटकावं तसे. तिला वाटलं, डांबर उडालं. डांबर कसलं, ते टायर पॉलिश होतं! डिटेलिंगवाल्यांच्या भाषेत याला 'स्लिंग' म्हणतात.

हे का होतं? साधं फिजिक्स आहे हो. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या छोट्या हॅचबॅकचं चाक सेकंदाला साधारण ९ फेरे घेतं. एवढ्या वेगात टायरच्या बाहेरच्या कडेवरचा थेंब गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०० पट जोराने बाहेर ओढला जातो. रबराला धरून बसलेला पातळ थर जागचा हलत नाही. वर नुसता तरंगणारा जास्तीचा माल मात्र थेट तुमच्या दारावर. म्हणजे बाटली किती महागाची हा मुद्दाच नाही. तुम्ही किती लावलंत आणि जास्तीचं पुसलंत का, हा खरा प्रश्न.

आधी घासा, मग लावा

टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे. नैसर्गिक रबर असतं पांढुरकं-पिवळट. त्यात काजळीसारखी ही पूड मिसळली की ते मजबूत होतं, कमी झिजतं आणि उन्हालाही टिकतं. मग काही महिन्यांत टायर तपकिरी का दिसायला लागतो? रस्त्याची धूळ आणि ब्रेकची पूड हे एक कारण. दुसरं जास्त इंटरेस्टिंग आहे. हवेतला ओझोन रबराला बारीक तडे पाडतो. तसं होऊ नये म्हणून कंपन्या रबरातच संरक्षक रसायनं आणि मेण घालतात. टायर चालताना दबतो, वाकतो, तशी ही रसायनं हळूहळू वर येतात आणि ओझोन स्वतःवर झेलून तपकिरी पडतात. याला 'ब्लूमिंग' म्हणतात. तेव्हा तपकिरी टायर म्हणजे आजारी टायर नव्हे. त्याचं चिलखत काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ.

पण या थरावर, किंवा गेल्या महिन्याच्या शिळ्या पॉलिशवर, नवं पॉलिश लावलंत की ते रबराला धरतच नाही. घामेजल्या चेहऱ्यावर पावडर थापली तर काय होतं? अगदी तेच!

म्हणून पहिलं काम ब्रशचं. गाडी सावलीत आणि टायर गार हवेत. बॉडी धुण्याआधीच चाकं धुवा, म्हणजे चाकांचा मळ धुतलेल्या दारावर उडणार नाही. ऑल-पर्पज क्लीनर सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळा आणि कडक नायलॉनच्या ब्रशने टायरची बाजू गोल-गोल घासा. पहिला फेस चहाच्या रंगाचा येतो. धुवा, परत घासा. फेस पांढरा यायला लागला की थांबा. पाणीकपातीचे दिवस असतील तरी पाइप लावायची गरज नाही. एक बादली आणि एक मग यात चारही टायर निघतात.

दुसरं काम वाळवण्याचं, आणि नेमकं हेच सगळे टाळतात. टायरवरच्या उठावाच्या अक्षरांमध्ये आणि रिमच्या कडेला पाणी लपून बसतं. ओल्या रबरावर पॉलिश पसरतं, पण धरत नाही. जुन्या बनियनने नीट टिपा आणि अर्धा तास विसरून जा. तेवढ्यात बाकीची गाडी पुसून होते.

बाटलीत काय आहे?

दुकानात दोन प्रकार मिळतात. एक पाण्यावर आधारलेलं, दुधासारखं पांढरं. हे टायरला नव्यासारखा मॅट-काळा लुक देतं, कमी उडतं, पण पावसात लवकर धुऊन जातं. दुसरं सॉल्व्हंटचं, काचेसारखं पारदर्शक आणि तेलकट. याची चकाकी जबरी आणि टिकतंही जास्त दिवस, पण उडण्याचा धोका मोठा. शिवाय त्यातले पेट्रोलियमचे घटक वारंवार लावल्याने रबराला सोसत नाहीत. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीसाठी माझं मत सरळ पांढऱ्या बाटलीला.

आणि घरगुती उपाय? डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल तर नकोच नको. त्याने रबर फुगतं, मऊ पडतं. खोबरेल तेलाने पहिला तासभर चमक येते आणि मग रस्त्यावरची सगळी धूळ टायरवर मुक्कामाला येते. तेल डोक्याला लावा, टायरला नको.

हात कसा चालवायचा?

स्प्रे थेट टायरवर मारू नका. त्याचे तुषार रिमवर, मडगार्डवर आणि ब्रेकच्या डिस्कवर जातात. पॉलिश आधी स्पंजच्या अ‍ॅप्लिकेटरवर घ्या, नाण्याएवढं. एका टायरला एक-दोन चमचे म्हणजे भरपूर. पुढची चाकं बाहेर वळवून घ्या, म्हणजे बाजू नीट दिसते. टायरचे मनातल्या मनात चार भाग करा आणि एकेक भाग चोळत पुढे जा. अक्षरांच्या फटींत जुना टूथब्रश चालतो. मडगार्डखाली लपलेला वरचा भाग राहतोच; त्यासाठी गाडी अर्धं चाक पुढे घ्या आणि तोही उरका.

आता दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग कोरडं, स्वच्छ फडकं घेऊन सगळा टायर पुसून काढा. हो, आत्ताच लावलेलं पुसायचं! इथे अनेकांचा जीव कासावीस होतो. पण जे निघतं ते जास्तीचंच असतं. जे राहायचं ते राहतं. खात्री करायची सोपी ट्रिक म्हणजे पांढरा टिश्यू पेपर टायरवर दाबा. त्यावर ओला डाग उमटला तर अजून पुसा. टिश्यू कोरडा राहिला तर तुमचं दारही पांढरं राहणार. त्यानंतर बाटलीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या. संध्याकाळी लावून रात्रभर गाडी उभी ठेवली तर सगळ्यात उत्तम.

तरीही ठिपके उडालेच, तर ते उन्हात भाजू देऊ नका. त्याच दिवशी कार शाम्पू आणि मऊ फडक्याने काढा. खरवडायचं नाही.

इथे हात लावू नका

आतापर्यंत गोष्ट दिसण्याची होती. आता जिवाची. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तिथे पॉलिशचा एक थेंबही नको. तळहाताएवढा तो पट्टा हाच तुमचा आणि रस्त्याचा संबंध. तोच निसरडा केलात तर ब्रेक दाबून उपयोग काय? अलॉय व्हीलच्या आरपार दिसणाऱ्या ब्रेक डिस्कचंही तेच. चुकून तिथे उडालंच, तर ब्रेक क्लीनरने साफ करून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

आणि बाइक-स्कूटरवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. कारचा टायर सरळ उभा राहून चालतो, म्हणून त्याची बाजू रस्त्याला लागत नाही. तुमची गाडी मात्र वळणावर झुकते आणि टायरच्या कडेवर उभी राहते. कारच्या टायरवर जिथे पॉलिश लावतात, जवळपास तिथपर्यंत तुमचा टायर रस्त्याला टेकतो. तेव्हा दुचाकीच्या टायरला पॉलिश अजिबात नाही. साबण, पाणी, ब्रश, बस्स. वॉशिंगला गाडी देतानाही हे तोंडाने बजावून सांगा.

काळ्या रंगाच्या आड

पॉलिशची आणखी एक खोडी आहे. ते म्हाताऱ्या टायरलाही तरुण दाखवतं. पहिली गाडी सेकंडहॅण्ड घ्यायचा विचार असेल तर हे ध्यानात असू द्या. विकायला उभ्या गाडीचे टायर आरशासारखे चमकत असतील, तर कौतुक नंतर, आधी खाली बसा. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२१ लिहिलं असेल तर तो टायर २०२१ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. कधीकधी हा आकडा एकाच बाजूला असतो. बाहेर दिसला नाही तर आतून बघा. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी तपासून घ्या, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायरचा खेळ खल्लास. बाजूला बारीक तडे दिसले तर तज्ज्ञाला दाखवा. आणि खड्ड्यात आपटून टायरला फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेत. तो टायर बदलायचाच, दुसरा इलाज नाही.

मला स्वतःला टायर पॉलिशचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. चकाकी चार दिवसांची. पण घासताना, पुसताना आपण प्रत्येक टायरसमोर दहा मिनिटं बसतो. घुसलेला खिळा, उगवलेला तडा, एका बाजूने झालेली झीज हे सगळं तेव्हाच दिसतं. बॉनेटकडे बघून कधीच दिसत नाही.

झटपट उजळणी

- टायर गार, गाडी सावलीत.
- फेस पांढरा होईपर्यंत घासा, मग पूर्ण वाळवा.
- पॉलिश स्पंजवर घ्या, थेट टायरवर नाही.
- दहा-पंधरा मिनिटांनी पुसा, टिश्यूने तपासा.
- रस्त्याला टेकणारा भाग, ब्रेक डिस्क आणि दुचाकीचे टायर यांना पॉलिश नाही म्हणजे नाही!
- महिन्यातून एकदा हवा तपासा. योग्य दाबाचे आकडे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतात.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, टायरखाली लिंबू ठेवतो. या वेळी लिंबू ठेवायला वाकाल तेव्हा दोन मिनिटं तिथेच थांबा आणि ते चार आकडेही वाचा. नजर लागू नये म्हणून लिंबू आहेच. तुमची नजर मात्र टायरला लागलीच पाहिजे!